फोसुआच्या नावापुढची रिकामी जागा

दुफीने खूण केली नाही. झालं ते एवढंच. आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकामागे ठेवलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत ती बसली होती. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चौपन्न नावांचा तक्ता, हातात पेन्सिल. जे मूल बोलेल त्याच्या नावापुढे एक उभी खूण करायची, चार झाल्या की पाचवी आडवी. निरीक्षकाने बोलायचं नाही, हसायचं नाही, मान हलवायची नाही, म्हणजे खुर्चीवर आणखी एक खुर्ची ठेवल्यासारखं बसायचं. समोर अराबा मॅडम समीकरणं शिकवत होत्या आणि अकरा गटांत अकरा टॅबलेट होते, प्रत्येकाच्या पडद्यावर एकेक तराजू. "डाव्या पारड्यातून तीन काढले, आता काय करायचं?" अराबाने विचारलं आणि ती थांबली. तिचं ते थांबणं दुफीला असह्य व्हायचं. आणि मग खिडकीजवळच्या गटातून एक बारीक, जरा घोगरा आवाज आला, "तिकडूनही तीनच काढायचे मॅडम, नाहीतर ते खोटं होईल." दुफीने मान वर केली. फोसुआ बोलली होती. सहावी आणि सातवी, दोन वर्षं दुफीच्या हाताखाली बसून जिने हजेरीला 'येस मॅडम'पलीकडे तोंड उघडलं नव्हतं, ती फोसुआ. पेन्सिल तिच्या नावापर्यंत गेली, कागदाला टेकली, आणि मग दुफीने ती उचलून दुसऱ्याच मुलाच्या नावाकडे नेली.

हेवा हा शब्द दुफीने स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता. ती म्हणायची, मला त्या बाईचं कौतुकच आहे, फक्त तिचा तो उत्साह जरा डोक्यात जातो. तीन वर्षांपूर्वी अराबा केप कोस्टहून बदलून कुमासीत आली. अडतीस वर्षांची, सडपातळ, गळ्यात शिट्टीसारखा लटकवलेला पेन ड्राइव्ह, आणि बोलण्यात निम्मं इंग्रजी. किनाऱ्याकडची ही फांटी माणसं अशीच, आपल्या भाषेत वाक्य सुरू करतात आणि साहेबाच्या भाषेत संपवतात, असं दुफी जेवणाच्या सुट्टीत म्हणाली होती आणि सगळे हसले होते, अराबा सगळ्यांत मोठ्याने. हेच ते. टोमणा मारला तर ही बाई तो प्रसादासारखा दोन्ही हातांनी घ्यायची. मग गेल्या सत्रात तिने शाळेत ते कृतिसंशोधन आणलं. स्वतःच्याच तासाला स्वतःचा मोबाईल टेबलावर ठेवून तिने आवाज रेकॉर्ड केला, घरी ऐकला, आणि बुधवारच्या शिक्षकांच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "मी प्रश्न विचारल्यावर एक सेकंदसुद्धा थांबत नाही. स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते. आणि वर्गात बोलतात ती तीच सहा मुलं." सगळ्यांसमोर आपली उणी बाजू अशी मांडायची, जशी काही नवी साडी दाखवतेय. दुफीला चोवीस वर्षांत असं काही करावंसं वाटलं नव्हतं. करावंसं वाटलं असतं तरी करवलं नसतं. हेडसर अंत्वी मात्र भारावून गेले. जिल्हा कार्यालयाने प्रत्येक शाळेकडून एकाच शिक्षकाचं काम मागवलं होतं, निवडलेलं पुढे राजधानीत, अक्राला जाणार होतं, आणि अंत्वी सरांनी कुणाला न विचारता अराबाचं नाव कळवून टाकलं. चोवीस वर्षांत कार्यालयाने काहीच मागवलं नव्हतं आणि आता मागवलं तेव्हा दुफी पन्नाशी ओलांडून बसली होती.

पण खरा काटा रुतला तो नंतर. दुसऱ्या बैठकीत अराबाने आपला नवा नियम सांगितला. पाच मुलांत एक टॅबलेट असला की दांडगा मुलगा तो धरतो, बोटही त्याचं आणि तोंडही त्याचं, बाकीचे चौघे नुसते बघे. म्हणून यापुढे हाताला तोंड नाही आणि तोंडाला हात नाही. ज्याच्या हातात टॅबलेट, त्याने बोलायचं नाही. ज्यांच्या हातात नाही, त्यांनी सांगायचं आणि धरणाऱ्याने निमूट करायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुफीच्या तोंडातली भुईमुगाची शेंग तोंडातच राहिली. कारण हे तिचं होतं. तेवीस वर्षांपूर्वी, सुन्यानीच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शाळेत, जिथे सबंध वर्गाला एक लाकडी कंपास होता आणि त्याचंही टोक मोडलेलं, तिथे तिने हेच केलं होतं. एकाने कंपास धरायचा, चौघांनी सांगायचं, आणि धरणारा बोलला तर त्याने उठून फळा पुसायचा. मुलं काय आरडाओरडा करायची! "जरा फाकव! अजून! अरे, टोक हललं!" तेव्हा ती अठ्ठावीस-एकोणतीसची होती, पावसात पत्रे वाजायला लागले की ती वर्तुळं हातवाऱ्यांनी शिकवायची, आणि त्या मुलांना ती फार आवडायची. त्या वेळी कुणी त्याला संशोधन म्हटलं नाही. तिनेही नाही. मग शहरात बदली झाली, वर्ग मोठे झाले, तिची जीभ धारदार झाली, आणि ते सगळं कुठे गेलं ते कळलंच नाही. आपण केला तो जुगाड आणि तिने केला तो प्रयोग. आणि अराबाने ते तिच्याकडून चोरलेलंही नव्हतं, तिला ठाऊकच नव्हतं. चोरलं असतं तर बरं झालं असतं, चोराला निदान शिव्या तरी देता येतात. बैठकीत दुफी मूग गिळून बसली. आणि बैठक संपल्यावर अराबा नेमकी तिच्याकडेच आली, "दुफी मॅडम, माझ्या वर्गात निरीक्षक म्हणून बसाल?" म्हणाली. "मीच का?" दुफीने विचारलं. अराबा म्हणाली, "बाकीचे माझी स्तुती करतील. तुम्ही कुणाचीच करत नाही."

त्या तासाला फोसुआ चार वेळा बोलली. दुफीने पेन्सिल न टेकवता मोजलं होतं. पहिल्यांदा ते तीन काढायचं. दुसऱ्यांदा टॅबलेट धरणाऱ्या मुलाला, "अरे, तिकडे नको, इकडे." तिसऱ्यांदा कुणीतरी चुकीचं सांगितलं तेव्हा फक्त "अंहं." आणि चौथ्यांदा हसत हसत, जे उत्तर नव्हतंच, पण बोलणं होतं. प्रत्येक वेळी दुफीला वाटलं, आता करू खूण, अजून वेळ गेलेली नाही, मागच्याही धरून एकदम करू. खिडकीच्या काचपट्ट्यांतून बदामाच्या झाडाची सावली तक्त्यावर पडत होती आणि त्यात ती एकच ओळ पांढरी दिसत होती. कुणाचं काय बिघडणार होतं? चौपन्नांत एक. दोन वर्षं मी त्या पोरीसमोर घसा कोरडा केला, आणि हिने काय केलं, तर नुसती गप्प उभी राहिली, आणि पोरगी बोलली? घंटा झाली. चार खुणा पेन्सिलीतच राहिल्या.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत अराबाने पानात बांधलेला राजम्याचा भात बाजूला सारला आणि आधी तक्ता उघडला. बोटाने एकेक नाव खाली खाली उतरत गेली. खिडकीजवळच्या गटापाशी बोट थांबलं.

"फोसुआ, शून्य?"

"हो का?" दुफी आपला भात उलगडत म्हणाली. "असेल मग."

"मला वाटलं होतं, ती बोलली. एकदा तरी."

"त्या कोपऱ्यातल्या सगळ्या पोरींचा आवाज सारखाच. तिच्या शेजारची असेल."

अराबा क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. दुफीला वाटलं, पकडले गेले. पण अराबाने कपाळावर हात मारून घेतला. "असेल हो. समोर उभं राहिलं की आपल्याला हवं तेच ऐकू येतं. आणि कान माझे, आशा पण माझीच. म्हणून तर तुम्हाला मागे बसवलं!" आणि ती हसली. "खा ना, मिरची जास्त झालीय का तुमच्या भातात? डोळ्यांत पाणी आलंय."

"तुम्हा फांट्यांना मिरची काय कळणार," दुफी म्हणाली. भात मात्र तिने निम्मा टाकला.

त्या बुधवारी बैठकीत अराबा उभी राहिली आणि म्हणाली, "माझं एका मुलीच्या बाबतीत चुकलं." अंत्वी सर पाय पसरून बसले होते, ते म्हणाले, "अराबा मॅडम, तुमचं दर आठवड्याला काहीतरी चुकतं. आमचं बघा, तीस वर्षांत एकदाही चुकलं नाही." खोली हसली. अराबाही हसली आणि सांगत राहिली. फोसुआला बोलायला लावणं हा तिच्यावर जुलूम होतोय, तक्ता स्पष्ट सांगतोय, ती एकदाही बोलली नाही. मग तिला हाताने तरी सामील करून घेऊ. पुढचे तीन आठवडे तिच्या गटाचा टॅबलेट कायम तिच्याच हातात. म्हणजे बोलायचा ताण नाही. अंत्वी सरांनी मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, छान, पुराव्यावर आधारलेला निर्णय आहे. दुफीला पोटात आधी थंडगार वाटलं, सुख म्हणावं असं. अराबा चुकली, सगळ्यांसमोर चुकली, तिने ते कबूल केलं. आणि मग लगेच त्या सुखाला आंबूस वास यायला लागला, कारण अराबा कुठेच चुकली नव्हती. बरोबर ऐकलेलं तिने दुसऱ्याच्या शब्दावर खोटं ठरवलं होतं. तिच्या जागी दुफी असती तर तिने तक्ता फाडला असता आणि म्हटलं असतं, मी ऐकलंय माझ्या कानांनी. एवढा विश्वास कुणावर टाकायचा असतो का? मूर्ख बाई. दुफीला तिचा राग आला, खरंच आला, आणि रागाखाली पुन्हा तेच, की हिला विश्वाससुद्धा माझ्यापेक्षा जास्त ठेवता येतो.

मग दोन आठवडे गेले. सांगायचं राहून गेलं, असं तिने ठरवलं. सांगण्याच्या संधी काही कमी आल्या नाहीत. अराबा तिच्याजवळ बसायची, तिच्या चपलांची चौकशी करायची, एकदा तर केप कोस्टहून आईने पाठवलेले सुके मासे घेऊन आली. दुफी घरी परत जाताना गर्दीच्या गाडीत खिडकीशी बसून मनातल्या मनात वाक्य जुळवायची, "अराबा, त्या दिवशी माझ्याकडून एक खूण राहिली." राहिली, हे किती सोपं वाटायचं! एक राहिली. चार राहिल्या, असं कोण म्हणेल? आणि एक राहिली म्हटलं की तेही खोटंच. गाडीतला पोऱ्या थांब्यांची नावं घेऊन ओरडायचा, पुढच्या सीटवरचं कुणीतरी फोनवर भांडायचं, आणि दुफी आपला थांबा सोडून पुढच्या थांब्यावर उतरायची.

सोमवारी सकाळी बांतामाच्या चौकात तिने कोको घ्यायला भांडं पुढे केलं. कोको म्हणजे बाजरीची पेज, आलं आणि मिरी घातलेली. विकणारी फोसुआची आई होती. दुफी सहसा पलीकडच्या बाईकडून घ्यायची, पण ती बाई आज आली नव्हती. फोसुआच्या आईने तिला ओळखलं आणि डावभर जास्त ओतलं.

"मॅडम, तुमची कृपा. तुमच्या हाताखालून गेली म्हणून पोरीला गणिताची गोडी लागली."

"माझं काय त्यात," दुफी म्हणाली.

"नाही कसं! मध्ये चार दिवस घरात नुसती बडबड हो. तराजू काय, पारडं काय, बापाला म्हणे दोन्हीकडून सारखं काढा. तो म्हणाला, ह्या पोरीला आता सासू मिळायची नाही." ती हसली आणि हसता हसता थांबली. "आणि आता परत तोंडाला कुलूप. विचारलं तर म्हणते, मॅडमनी मला धरायला ठेवलंय. म्हणते, मी बोलले ते त्यांना आवडलं नाही वाटतं. तुम्ही जरा विचाराल का अराबा मॅडमना, पोरीचं काय चुकलं?"

भांड्यातून वाफ येत होती. आल्याचा वास दुफीच्या नाकात शिरला आणि त्याच्यामागून ते आलं, जे तिला दोन वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. सहावीचं पहिलंच सत्र. फोसुआ तेव्हा भरपूर बोलायची, बोलायची म्हणजे हात वर न करताच उत्तर फेकायची. अपूर्णांकांचं काहीतरी होतं. तिने उत्तर दिलं, ते चुकलं, आणि दुफी फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली, "फोसुआ, आज पेज फार पातळ झाली गं." काय हसला वर्ग! दुफीलाही बरं वाटलं होतं, आपण काय नेमकं बोलतो म्हणून. शिक्षकांच्या खोलीत तिने तो विनोद दोनदा सांगितला होता. आणि त्यानंतर वर्षभर मुलं त्या पोरीला 'पातळ' म्हणत होती, तेही दुफीने ऐकलं होतं, मैदानावर, नळापाशी, आणि कानाआड केलं होतं. म्हणजे दोन वर्षं घसा कोरडा केला तो कुणासमोर? स्वतःच्याच हाताने बंद केलेल्या दारासमोर. आणि ते दार दुसऱ्या कुणी उघडलं तर ही बया कडी लावायला पुन्हा हजर. "मॅडम, पेज सांडतेय," फोसुआची आई म्हणाली. दुफीचा हात भाजला होता. तिने नुसती मान हलवली आणि भांडं तिथेच फळीवर विसरून ती शाळेकडे चालू लागली.

दुपारी तिसऱ्या आठवड्याचं निरीक्षण होतं. तीच खुर्ची, तोच पुठ्ठा, नवा तक्ता. वाटेत अराबाला गाठून सांगायचं तिने ठरवलं होतं, पण अराबासोबत अंत्वी सर होते, आणि मग घंटा झाली. कारणं कुणाला सापडत नाहीत? वर्ग सुरू झाला. फोसुआने टॅबलेट दोन्ही हातांत धरला होता, देवळात दिवा धरतात तसा, आणि ओठ मिटलेले. आजचा तराजू अवघड होता, दोन्ही पारड्यांत अज्ञात संख्या. अराबाने विचारलं, "पहिलं काय काढायचं?" आणि ती थांबली. फोसुआच्या गटातला एक मुलगा म्हणाला, "सगळे आकडे काढा." फोसुआने मुकाट्याने आकडे काढले, कारण सांगतील ते करायचं. तराजू कलंडला. दुसरी मुलगी म्हणाली, "परत घाल." तिने परत घातले. तिचं बोट अज्ञात संख्येवर जाऊन थांबलं होतं, बरोबर तिथेच, आणि तिने मान वर करून अराबाकडे पाहिलं. तिला येत होतं. पाचव्या रांगेपलीकडून, पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांनीही ते दिसत होतं. अराबानेही पाहिलं असावं. पण तिने नियम पाळला, पोरीवर ताण नको म्हणून नजर दुसरीकडे वळवली. फोसुआने मान खाली घातली. ती वैतागली नाही, रुसली नाही. तिने ते मान्य केलं. आपण बोललेलं कुणाला नको आहे हे तेरा वर्षांच्या मुलीने इतक्या सवयीने मान्य केलं की दुफी उठून उभी राहिली. खुर्ची मागे भिंतीवर आपटली.

"ती बोलली होती," दुफी म्हणाली.

चौपन्न माना मागे वळल्या. निरीक्षक बोलत नसतो हे मुलांनाही पाठ होतं.

"काय म्हणालात मॅडम?" अराबाने विचारलं.

"फोसुआ. त्या दिवशी. ती बोलली होती. चार वेळा. मी मोजलं आणि लिहिलं नाही." तिला वाटलं होतं इथे आवाज फुटेल, पण तो फळ्यावरचं गणित वाचून दाखवावं तसा सपाट निघाला. "राहिलं नाही. मी लिहिलं नाही. तू बरोबर ऐकलं होतंस."

 अराबाच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, मोठं काही नाही, भिंतीवरचं चित्र काढून घेतल्यावर भिंत दिसते तेवढंच. दुफी तिच्या रागाची वाट बघत होती. रागाला उत्तर देता आलं असतं. पण अराबाने पाठ फिरवली, ती फोसुआच्या बाकाशी गेली, तिच्या हातातला टॅबलेट काढून शेजारच्या मुलाकडे दिला आणि म्हणाली, "माझी चूक झाली गं. तुला येतंय ना? सांग."

फोसुआने तोंड उघडलं. आणि मग तिने मागे, शेवटच्या बाकामागे पाहिलं. दुफीने हसण्याचा प्रयत्न केला, मान हलवली, "सांग ना बाळ," असंही म्हणाली, जितक्या मऊ आवाजात तिला म्हणता येत होतं तितक्या. फोसुआचं तोंड मिटलं. अराबा थांबली. पाच सेकंद, दहा. वर्गात कुणी पाय हलवला नाही. पंधरा. आणि सोळाव्या-सतराव्या सेकंदाला केव्हातरी दुफीला कळलं की हे थांबणं पोरीसाठी नाही. अराबा पोरीकडे बघतच नव्हती. ती सरळ समोर, चौपन्न डोक्यांवरून, दुफीकडे बघत होती, आणि वाट बघत होती.

दुफीने पुठ्ठा खुर्चीवर ठेवला. दोन रांगांच्या मधून ती पुढे आली, कारण दार पुढेच होतं. फोसुआच्या बाकाजवळून जाताना मुलीने तिला वाट द्यायला म्हणून पाय आत घेतले. बाहेर व्हरांड्यात ऊन मी म्हणत होतं. ती दाराशीच उभी राहिली. आत बराच वेळ काही नव्हतं, आणि मग तो आवाज आला, बारीक, घोगरा. आधी एक शब्द, मग एक वाक्य, मग एकामागून एक. शब्द लागत नव्हते, पण आवाज चढत होता, मध्येच कुणीतरी वाद घातला आणि तो आवाज त्याच्यावर मात करून पुढे गेला, आणि वर्ग हसला, या वेळी तिच्यावर नाही. अराबा एक अक्षर बोलत नव्हती. किती सोपं होतं तिचं! दुफीच्या छातीत पुन्हा तेच जळलं, जसंच्या तसं, सांगून टाकल्याने तसूभरही कमी न झालेलं. तिने खाली पाहिलं. तिची सावली उंबरठ्यावरून आत वर्गात पडली होती. ती दोन पावलं मागे सरली, आणि मग आणखी दोन.